कधी बंद पडत नाही, ते सांगा

माझ्या सासूबाईंना आयुष्यात एकच प्रश्न विचारता येतो, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. मिक्सर बिघडला की त्या विचारणार, "कधी बिघडत नाही?" माझं डोकं दुखायला लागलं की, "कधी दुखत नाही, ते आठव." नवरा माझ्यावर चिडला तर त्याला काही बोलायचं सोडून मलाच सांगणार, "तो कधी चिडत नाही, ते बघून ठेव, उपयोगी पडेल." सगळं जग विचारतं दुखतंय कुठे, आणि ह्या बाई विचारतात दुखत नाही कुठे. मला वाटायचं, आपल्या नशिबी उलट्या डोक्याची सासू आली.

मग मी आमच्या गॅरेजच्या काउंटरवर बसायला लागले. गाडी आली की कार्ड लिहायचं, फोन घ्यायचे, गाडी गेली की कार्ड फायलीत लावायचं, हे माझं काम. तिथून सासूबाईंचं टेबल सरळ समोर दिसतं. तिथे बसल्या बसल्या मला कळलं, की बाईंचं डोकं उलटं नाही, आपलीच सरळ वाट जरा लांबची आहे.

त्या अठराव्या वर्षी रेडिओच्या कारखान्यात लागल्या. एकोणीस वर्षं एकाच लाइनवर, खिडकीपासून चौथ्या स्टुलावर बसून सोल्डरिंग केलं. एका वर्षी काही रेडिओ खरखरायला लागले. साहेब लोकांनी सोल्डर बदललं, ते वितळवायच्या इस्त्र्या बदलल्या, शेवटी दोन मुलींना घरी बसवायची भाषा सुरू झाली. सासूबाईंनी विचारलं, "कधी खरखरत नाहीत?" आणि त्यांनी स्वतःच रजिस्टर चाळलं. मंगळवारी बनलेला एकही रेडिओ खरखरत नव्हता. आणि मंगळवारी शेजारची पिठाची गिरणी बंद असायची. खिडकीतून उडत येणारं पीठ ओल्या जोडावर बसत होतं, एवढीच भानगड. खिडकीला जाळी लागली, मुलींच्या नोकऱ्या वाचल्या आणि सासूबाईंना हा प्रश्न जन्माचा चिकटला.

कारखाना बंद पडल्यावर त्या आपलं सोल्डरिंगचं सामान घेऊन गॅरेजमध्ये आल्या. गॅरेज माझ्या सासऱ्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं. सासऱ्यांनी त्यांना उत्तरेच्या खिडकीखाली जाड फळीचं टेबल ठोकून दिलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. गावातले मेकॅनिक त्यांना सोल्डरकाकू म्हणतात. वायपरच्या मोटारीपासून मीटरच्या बोर्डापर्यंत, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या कितीतरी वस्तू त्या टेबलावरून उठून पुन्हा कामाला लागल्या.

आणि हेच टेबल हलवायचं ठरलं.

ठरवलं ते काकांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाने. सासऱ्यांच्या मागे गॅरेज तेच बघतात. माणूस वाईट नाही, पण नवीन काही दिसलं की त्यांचा पाय जमिनीवर राहत नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी एक तरुण इंजिनिअर आणला. त्याच्याकडे स्कॅनर होता. वायर गाडीला लावली की बिघाडाचा नंबर पडद्यावर यायचा. काकांना तो पडदा म्हणजे देवाचा कौलच वाटायचा. एका सोमवारी ते टेबलापाशी आले आणि खिडकीकडे बघत बोलू लागले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या तारखेपासून इथे काचेची केबिन करतोय. इंजिनिअर बसेल. आता दुरुस्त कोण करतंय? काढायचं आणि नवीन टाकायचं. तुम्ही आता आराम करा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरात सासूबाईंचं 'बरं' हे इतरांच्या शिव्यांपेक्षा जड असतं. काका बिचारे खूश होऊन गेले. त्या दिवशी पाच वाजता सासूबाईंनी एक रिकामं खोकं ओढलं आणि खणातलं सामान त्यात भरायला सुरुवात केली. चिमटे, भिंगं, सोल्डरची रिळं, रेडिओ कारखान्यातला जुना ब्रश. इस्त्री तेवढी बाहेर ठेवली. मला संताप आला.

"आई, भांडा ना! तुम्ही नाही तर मी भांडते."

"भांडून मिळवलेल्या जागेवर हात स्थिर राहत नाही," त्या म्हणाल्या. पण खोक्याचं झाकण लावताना त्यांची बोटं थरथरत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बोटांनी केसाएवढे जोड दिले, ती थरथरताना मी पहिल्यांदाच पाहिली. मला रडू आलं, म्हणून मी उगाचच फायली आवरत बसले.

गुरुवारी सकाळी शाळेची मिनीबस दोरीला बांधून ओढत आणली. बसमागून तिचा ड्रायव्हर चालत आला, एखाद्या घरच्या माणसाला दवाखान्यात आणावं तसा. त्याला सगळे आरसेभाऊ म्हणतात, कारण त्याच्या बसमध्ये तोंड बघून भांग पाडता येतो. बावीस वर्षं तो लांबच्या वस्त्यांवरची मुलं शाळेत आणतोय. आणि ही बस अडीच महिन्यांत तिसऱ्यांदा अशी बंद पडून आमच्या दारात येत होती.

आधीच्या दोन्ही वेळा इंजिनिअरने स्कॅनर लावला होता. दोन्ही वेळा पडद्याने एकच सांगितलं होतं, की ईसीएम गेला. ईसीएम म्हणजे बॉनेटखाली बसवलेली वहीएवढी अॅल्युमिनियमची चपटी डबी. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं, ते ती ठरवते. ती गेली की गाडीचा मेंदूच गेला. इंजिनिअरने दोन्ही वेळा नवीन डबी मागवली, बसवली, गाडीच्या चावीशी तिची ओळख करून दिली. गाडी मजेत गेली आणि पुन्हा दोरीला बांधून आली.

"पुन्हा ईसीएम," इंजिनिअर पडद्याकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "आणि आता तिसरा मिळणार नाही. सप्लायरकडची शेवटची डबी आपणच घेतली. हे मॉडेल आता बनत नाही."

तेवढ्यात शाळेचा फोन आला. मीच घेतला. शनिवारपर्यंत बस चालू झाली नाही तर ती भंगारात द्यायची आणि आरसेभाऊंना फाटकावर बसवायचं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी ते सगळ्यांना सांगितलं. आरसेभाऊ बसच्या पायरीवर मटकन बसले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण गावभर एव्हाना झालं होतं, की या गॅरेजमध्ये गाडी नेली की ती परत यायला निघालेलीच असते.

"भाऊजी, गाडी मला द्या."

सासूबाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या. नुसता चष्मा वर केला होता.

"वहिनी, स्कॅनरला जे जमलं नाही..."

"शनिवारपर्यंत द्या. जमलं तर हे टेबल जागेवरून हलायचं नाही. इंजिनिअरला केबिन करा, नाहीतर महाल बांधा, पण टेबल इथेच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खोकं भरलेलंच आहे. मीच उचलून नेईन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड पुढे ओढून त्यावर लिहूनच टाकलं, 'काम: सोल्डरकाकू.' एकदा कार्डावर चढलं की काकांनाही खोडता येत नाही, हा त्यांनीच केलेला नियम आहे.

सासूबाईंनी बॉनेटला हातही लावला नाही. आरसेभाऊंसमोर स्टूल ओढून बसल्या.

"भाऊ, गाडी कधी बंद पडत नाही?"

"अहो ताई, पडते त्याचं बोला!"

"पडते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पडत नाही ते सांगा."

 मग मी कार्डं काढली. पहिली नवीन डबी बसवल्यावर बस सोळा दिवस चालली होती. त्या सोळा दिवसांत ऑइल बदलायला एकदा बस आली होती आणि कार्डावर सही दुसऱ्याच माणसाची होती.

"हा कोण?"

"बदली ड्रायव्हर," आरसेभाऊ म्हणाले. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना. बारा दिवस घरी होतो."

"त्या बारा दिवसांत एकदा तरी बंद पडली?"

"नाही." एवढं म्हणून आरसेभाऊंचा चेहरा उतरला. "मी आलो आणि चौथ्या दिवशी पडली."

 काकांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने जमिनीकडे. सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि ते आरसेभाऊंना दिसलं.

"म्हणजे दोष माझ्या हातात आहे?" ते उठून उभे राहिले. त्यांचा आवाज फाटला. "बावीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. आणि तो बदली! त्याला गाडी म्हणजे काय ते तरी कळतं का? बारा दिवसांत त्याने गाडीला पाणी लावलं नाही! चिखलाने बरबटलेली गाडी माझ्या ताब्यात दिली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला आतून-बाहेरून आंघोळ घातली, तेव्हा कुठे..."

"आतून म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे बॉनेटखालीसुद्धा. माझं इंजिन बघा, त्यावर ताट मांडून जेवा."

"बावीस वर्षं असंच धुता?"

"आधी बादली आणि फडकं. आता मशीन आलंय, जोराच्या फवाऱ्याचं. मुलीने पहिल्या पगारातून घेऊन दिलं." एवढ्या रागातही त्यांची छाती फुगली. "रोज संध्याकाळी फेरी संपली रे संपली, की फवारा."

"मशीन कधी आलं?"

"झाले की तीन महिने..." आणि आरसेभाऊ थांबले.

सासूबाई खळखळून हसल्या. सोमवारपासून त्यांचं हसू मी ऐकलं नव्हतं. "अति तेथे माती म्हणतात, इथे अति तेथे पाणी झालं. खाली बसा भाऊ, दोष तुमच्या हातात नाही. तुमच्या मायेत आहे."

मग त्यांनी तिन्ही मेलेल्या डब्या टेबलावर मागवल्या. प्रत्येकीच्या झाकणाच्या सांध्यावर स्टिकर होतं, 'उघडल्यास वॉरंटी रद्द.' त्या स्टिकरच्या धाकाने अडीच महिन्यांत एकाही डबीचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. नव्या डब्यांवरची स्टिकरं सासूबाईंनी सरळ फाडली. मूळच्या डबीचं मात्र नखाने अलगद सोडवून खिडकीच्या काचेला लावून ठेवलं, आणि स्क्रू काढले. तिन्ही डब्यांच्या आत, वायर खोचायच्या कनेक्टरच्या पिनांपाशी, हिरवा गंज चढला होता.

"गाडी फिरून आली की डबी गरम असते," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "त्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आक्रसते आणि डबी बाहेरचं आत ओढते. कनेक्टरचं रबर वाळून कडक झालंय, त्यातून फवारा आत. मग सडायला चार दिवसही पुरतात. तुम्ही नवी डबी आणली, पण जुनं रबर, जुनी जागा आणि जुना फवारा तसाच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

इंजिनिअरने स्कॅनरची वायर हळूच गुंडाळून ठेवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार धुण्या-वाळवण्यात गेला. सासूबाईंनी कारखान्यातला ब्रश खोक्यातून काढला, तिन्ही बोर्ड स्पिरिटने घासले आणि टेबललॅम्पखाली वाळत ठेवले. मूळच्या डबीचा बोर्ड सगळ्यांत धड होता. त्याचे दोन सडलेले भाग काढून पहिल्या नवीन डबीतले त्या जागी लावले. शनिवारी अकरा वाजता डबी गाडीत बसवली. काका, इंजिनिअर, आरसेभाऊ, सगळे भोवती. आरसेभाऊंनी चावी फिरवली.

स्टार्टर फिरला. इंजिन मात्र पेटलं नाही. समोरच्या पॅनेलवर चावीचं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

काकांनी सुस्कारा सोडला. "वहिनी, तुम्ही प्रयत्न केलात..."

 सासूबाई टेबलापाशी गेल्या आणि ब्रश पुसून खोक्यात ठेवला. तो ब्रश खोक्यात पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. 

"काकू, थांबा." इंजिनिअर होता. "इंजिन ठीक आहे. गाडी चावी ओळखत नाहीये. चावीची ओळख बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असते. मूळच्या बोर्डावरची ती चिप गेली असणार. पण मी दुसऱ्या नव्या डबीला चावी शिकवली होती. ती चिप जिवंत असेल, तर ती इकडे..."

"केवढी आहे?"

त्याने दाखवली. मुगाच्या डाळीएवढी चिप आणि तिला आठ पाय.

"मला हे हाताने जमत नाही," तो म्हणाला. "मी कधी केलेलं नाही."

"मग भिंग धर," सासूबाई म्हणाल्या. तीन महिने त्याला 'इंजिनिअरसाहेब' म्हणणाऱ्या बाईने त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

दुपारचे बारा वाजून गेले होते. उत्तरेच्या खिडकीतून सावलीचा एकसारखा उजेड टेबलावर येत होता. त्यांनी इस्त्री हातात घेतली, श्वास सोडला आणि सुटलेल्या श्वासात टोक टेकवलं. बोटं थरथरत नव्हती. एकेक पाय मोकळा झाला, चिप चिमट्यात उचलली गेली, मूळच्या बोर्डावर बसली. आठ पाय, आठ थेंब. इंजिनिअरने भिंग धरलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. शेवटचा जोड झाल्यावर तो म्हणाला, "काकू, हे मशीननेसुद्धा इतकं साफ होत नाही."

"मशीनला श्वास सोडता येत नाही ना," त्या म्हणाल्या.

डबी पुन्हा बसली. आरसेभाऊंनी चावी फिरवली. लाल चित्र एकदा लुकलुकलं, विझलं, आणि पहिल्याच झटक्यात इंजिन गुरगुरलं. आरसेभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. "जिंकलात वहिनी!"

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "चालू काय, तुमच्या दोन नव्या डब्याही झाल्या होत्या."

मग त्यांनी खरी दुरुस्ती केली. डबी उचलून वरच्या, फवाऱ्यापासून दूरच्या कोपऱ्यात हलवली. कनेक्टरला नवं रबर घातलं आणि त्याचं तोंड खाली केलं. वायरला खालच्या बाजूने झोळ दिला. "पाण्याला उतरायला आवडतं, चढायला नाही. झोळावरून ठिबकून जाऊ दे." एवढं झाल्यावर काकांपुढे हात पसरला. "तुमचं शाईचं पेन द्या जरा."

काका अजूनही शाईच्या पेनानेच सही करतात. सासूबाईंनी माझ्याकडून कोऱ्या कार्डाचा तुकडा घेतला, पाठमोऱ्या होऊन त्यावर काहीतरी लिहिलं, तो डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवला आणि स्क्रू आवळले.

"आता गावाबाहेर दोन चकरा मारून या," त्या आरसेभाऊंना म्हणाल्या. "चांगली गरम करून आणा. आणि येताना घरून तुमचं मशीन घेऊन या."

"मशीन?" आरसेभाऊ पांढरेफटक पडले. "ताई, मी त्याला पुन्हा हात लावणार नाही. शपथ!"

"आणा म्हणते ना."

पाऊण तासाने बस परत आली. बॉनेट उघडलं तर आतून वाफाळलेली गरमी. आरसेभाऊंनी मशीन नळाला जोडलं, पण नळी उचलवेना. "धुवा," सासूबाई म्हणाल्या. "रोज धुता तसंच. कसूर करायची नाही."

त्यांनी डोळे मिटून घोडा दाबला. फवारा इंजिनावर आपटला, सगळीकडे पाणीच पाणी. शेजारच्या दुकानांतले लोक येऊन उभे राहिले. काकांनी तोंडावर हात धरला होता. मी काउंटर सोडून बाहेर आले होते आणि कधी कोण जाणे, इंजिनिअरचा दंड घट्ट धरला होता. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग सासूबाईंनी हात वर केला.

"भाऊजी, झाकण तुम्ही उघडा."

काकांनी स्क्रू काढले. झाकण उचललं. बोर्ड कोरडा ठणठणीत. त्यांनी कागद बाहेर काढला. शाई एकाही अक्षराला फुटली नव्हती. काकांनी तो मनातल्या मनात वाचला.

"मोठ्याने वाचा," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी घसा साफ केला. "हे टेबल जागेवरून हलणार नाही."

"अक्षर माझं, शाई तुमची."

आधी आरसेभाऊ हसले, मग इंजिनिअर, मग आख्खी गल्ली. काका हसता हसता डोळे पुसायला लागले. "दादाने ठोकलेलं टेबल, वहिनी. माझी अक्कल गेली होती चरायला." ते स्वतः आत गेले, खोकं उचलून टेबलावर ठेवलं आणि एकेक चिमटा काढून पूर्वीच्या खणात लावायला लागले. सगळे चुकीच्या जागी लावत होते, पण सासूबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी मुलं शाळेत बसनेच गेली. त्याला आता वर्ष झालं. बस एकदाही दोरीला बांधून आली नाही. आरसेभाऊ अजून रोज ती धुतात. काचेची केबिन झालीच नाही. इंजिनिअरला सासूबाईंच्या डावीकडे एक छोटं टेबल मिळालं, आणि हल्ली स्कॅनर लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारतो, "कधी बंद पडत नाही?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी म्हणते, "विचारतोय ते सांगा, वेळ वाचेल."

तो कागद टेबलावरच्या भिंतीला लावलाय. सासूबाईंनी तो डिंकाने चिकटवला नाही. खिडकीच्या काचेवरचं ते जुनं स्टिकर अलगद सोडवून त्यानेच लावला. त्यामुळे आता आमच्या गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी वाचतो, 'हे टेबल जागेवरून हलणार नाही,' आणि खाली छापील अक्षरांत, 'उघडल्यास वॉरंटी रद्द.'